आरोपी खरा निघाला, अंदाज मात्र नाही

30 डिसेंबर 2022 च्या पहाटे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, अल्ब्राइट्सव्हिल नावाच्या छोट्या वस्तीत, पोलिसांनी एका घरात शिरून ब्रायन कोबर्गर या 28 वर्षांच्या तरुणाला पकडलं. ते घर त्याच्या आईवडिलांचं. ज्या खुनांसाठी त्याला पकडलं, ते झाले होते तिथून सुमारे 4,000 किलोमीटर लांब, आयडाहो राज्यातल्या मॉस्को शहरात. (रशियातल्या मॉस्कोशी याचा काही संबंध नाही. हे जेमतेम 25,000 वस्तीचं, विद्यापीठाच्या जिवावर चालणारं गाव आहे.) 13 नोव्हेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास तिथल्या किंग रोडवरच्या एका भाड्याच्या घरात आयडाहो विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांना सुऱ्याने भोसकून मारलं होतं. तीन मुली आणि त्यांतल्या एकीचा मित्र. वयं 20 आणि 21.

पुढे अडीच वर्षांनी, 2 जुलै 2025 ला, कोबर्गरने न्यायालयात चारही खुनांची कबुली दिली. आता कोणी म्हणेल, ‘मग झालं की! लोक पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते.’ तर मुद्दा नेमका इथेच आहे. लोक ‘हेच’ सांगत नव्हते. अटकेआधी ते भलत्याच माणसांची नावं घेत होते, आणि अटकेनंतर या माणसाबद्दल जे जे ठरवून बसले त्यातलं बरंचसं पुराव्याने कधी उभंच राहिलं नाही. आरोपी दोषी निघाला म्हणजे त्याच्याभोवती विणलेले तर्क खरे ठरले, असं होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या का, ते समजून घ्यायला हा खटला चांगला आहे, कारण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कागदोपत्री आहे.

आधी अटकेपूर्वीचा दीड महिना. गावात अनेक वर्षांत खून झालेला नव्हता. पोलिसांनी सुरुवातीला ‘लोकांना धोका नाही’ असं सांगितलं आणि तीन दिवसांनी पोलीसप्रमुखांनी ‘धोका नाही असं म्हणता येणार नाही’ असं सांगत ते मागे घेतलं. तिथून पुढे पोलिसांच्या शब्दावर भरवसा ठेवायला लोक तयार होईनात आणि रिकाम्या जागेत इंटरनेटवरच्या हौशी गुप्तहेरांचे तांडे उतरले. त्या रात्री मृत मुलींपैकी दोघी गावातल्या एका खाण्याच्या गाडीवर थांबल्या होत्या. त्या गाडीवर रोजचं थेट चित्रण चालायचं, त्यामुळे तो व्हिडिओ सगळ्यांच्या हाती लागला. त्यात मागे टोपीचा स्वेटर घातलेला एक मुलगा उभा होता. झालं, तोच खुनी! मुलींच्या फोनवरून त्या रात्री ज्याला बरेच कॉल गेले होते तो जुना मित्र, मुलींना घरी सोडणारा गाडीवाला, वाहिन्यांना मुलाखत देताना ‘फारच घाबरलेला’ दिसलेला शेजारी, सगळे एकेक करून संशयित झाले. पोलिसांना पुनःपुन्हा सांगावं लागलं की यांचा काही संबंध नाही.

सगळ्यात कहर म्हणजे एका बाईने टॅरो कार्डं मांडून विद्यापीठातल्या इतिहासाच्या एका प्राध्यापिकेला खुनाची सूत्रधार ठरवलं आणि टिकटॉकवर व्हिडिओमागून व्हिडिओ टाकले. त्या प्राध्यापिकेचा या चौघांशी बादरायण संबंधही नव्हता. त्यांनी डिसेंबर 2022 मध्येच अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि 2024 मध्ये संघीय न्यायालयाने ती विधानं बदनामीकारक असल्याचा निर्वाळा दिला. खुन्याला पकडल्यावरही ती बाई थांबली नव्हती, हे विशेष.

सामान्य लोकांची मदत निरुपयोगी असते, असं मात्र नाही. अटकेच्या दिवशी पोलिसांनी सांगितलं की 19,000 हून अधिक सुगावे लोकांकडून आले आणि 300 हून अधिक जणांच्या मुलाखती घेतल्या. पण ‘माझ्या दुकानाच्या कॅमेऱ्यात ही गाडी दिसते, बघून घ्या’ हे सांगणं वेगळं आणि ‘हाच तो’ म्हणून एखाद्याचा फोटो फिरवणं वेगळं. पहिल्यात माणूस माहिती देतो, दुसऱ्यात निकाल.

गाडीवरून आठवलं. 7 डिसेंबरला पोलिसांनी जाहीर केलं की घटनास्थळाजवळ दिसलेली पांढरी ह्युंदाई इलांट्रा शोधायची आहे, 2011 ते 2013 या सालांतली. या वर्णनात बसणाऱ्या सुमारे 22,000 गाड्या नोंदलेल्या होत्या. लोक कामाला लागले. शेजारच्या ऑरेगन राज्यात अशीच एक मोडकी गाडी सापडली तेव्हा नेटवर दिवाळी झाली; पोलिसांनी तपासलं, संबंध शून्य. कोबर्गरची इलांट्रा होती 2015 सालची. तज्ज्ञांनी सालांची मर्यादा पुढे 2016 पर्यंत वाढवली होती, पण जाहीर आवाहनात ते नव्हतं. म्हणजे त्या आवाहनावर तंतोतंत विसंबून शोधणाऱ्याने नेमकी खरी गाडी बाजूला सारली असती.

अटक म्हणजे नक्की काय ठरतं?

आपल्याकडे काय आणि तिकडे काय, ‘पकडला’ म्हणजे ‘सापडला’ असा अर्थ लोक घेतात. कायद्यात पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली नुसता संशय. त्याच्या वर अमेरिकेत अटकेसाठी लागतं ते ‘संभाव्य कारण’: या माणसाने हा गुन्हा केला असावा असं समजदार माणसाला वाटावं, इतपत आधार. शिक्षेसाठी मात्र वाजवी शंकेला जागाच उरू नये इतका पुरावा लागतो. पहिल्या आणि शेवटच्या पायरीत इतकं अंतर आहे की मध्ये वर्षंच्या वर्षं जातात, आणि त्या अंतरातच सगळे तर्कवितर्क नांदतात.

5 जानेवारी 2023 ला अटकेच्या आधारासाठी दिलेलं पोलिसांचं प्रतिज्ञापत्र खुलं झालं आणि लोकांनी ते एखाद्या रहस्यकथेसारखं वाचलं. चूक तिथेच झाली. असं प्रतिज्ञापत्र हे तपासाची संपूर्ण हकिगत नसतं. न्यायदंडाधिकाऱ्याने अटकेच्या वॉरंटवर सही करावी एवढ्यासाठी, पुरेल एवढंच, एका बाजूने लिहिलेलं ते असतं. त्यात काय नाही, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच नसतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे पोलीस कोबर्गरपर्यंत पोहोचले कसे, हा प्रश्न. प्रतिज्ञापत्र वाचून सगळ्यांना वाटलं, गाडीवरून. खून झाले त्या मॉस्कोपासून जेमतेम 13-15 किलोमीटरवर, राज्याची सीमा ओलांडली की पुलमन नावाचं गाव लागतं. तिथे वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ आहे आणि कोबर्गर तिथे गुन्हेशास्त्रात पीएचडी करत होता. त्या विद्यापीठाच्या सुरक्षा विभागातल्या एका अधिकाऱ्याने 29 नोव्हेंबरलाच पांढऱ्या इलांट्रांची यादी काढताना त्याची गाडी टिपली होती. हे सगळं प्रतिज्ञापत्रात होतं. त्यामुळे गाडी, मग मालक, मग फोन, मग अटक अशी सुबक साखळी लोकांनी जुळवली.

प्रत्यक्षात काय झालं ते जून 2023 मध्ये सरकारी पक्षाच्या अर्जातून बाहेर आलं. एका मृत मुलीच्या शेजारी, पलंगावर, सुऱ्याचं चामडी म्यान पडलेलं सापडलं होतं. म्यानाच्या बटणावर एका पुरुषाचा डीएनए होता. पोलिसांच्या नेहमीच्या गुन्हेगारांच्या नोंदीत तो जुळला नाही. मग तपासयंत्रणांनी वंशावळीचा मार्ग धरला: लोक हौसेने आपले पूर्वज शोधायला डीएनए देतात त्या खासगी नोंदींमध्ये लांबचे नातेवाईक शोधायचे, त्यांच्यावरून घराण्याचं झाड मांडायचं आणि उतरत उतरत वय, लिंग, ठिकाण जुळेल अशा माणसापर्यंत यायचं. असं करत 19 डिसेंबरला एफबीआयने मॉस्को पोलिसांना कोबर्गरचं नाव दिलं. नाव हाती आल्यावर आधीच नोंदलेली गाडी आणि फोन यांना अर्थ आला. पहिल्या प्रतिज्ञापत्रात या वंशावळीचा शब्दही नव्हता.

नाव मिळालं तरी वंशावळ हा पुरावा नाही, तो दिशादर्शक. म्हणून 27 डिसेंबरला पेनसिल्व्हेनियात त्याच्या आईवडिलांच्या घराबाहेरचा केरकचरा उचलला गेला. त्यातल्या एका वस्तूवरचा डीएनए आणि म्यानावरचा डीएनए यांची तुलना केली तर बाप-लेकाचं नातं निघालं. प्रतिज्ञापत्रातला आकडा असा: किमान 99.9998 टक्के पुरुष या पितृत्वातून बाद होतील. कचऱ्यातला डीएनए वडिलांचा होता, मुलाचा नव्हे. ही बारीक गोष्ट कित्येक बातम्यांत हरवली. थेट मुलाची लाळ घेऊन तुलना झाली ती अटकेनंतर.

आता इंडियानाची गंमत बघा. 15 डिसेंबरला कोबर्गर वडिलांना घेऊन गाडीने घरी चालला होता. इंडियाना राज्यात महामार्गावर, दहाएक मिनिटांच्या अंतराने, दोनदा पोलिसांनी त्यांना थांबवलं. पुढच्या गाडीच्या फार जवळून चालवल्याबद्दल समज देऊन सोडून दिलं. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पुढे आलं तेव्हा लाखो लोकांनी ‘ओळखलं’ की हे एफबीआयनेच घडवून आणलं, त्याच्या हातावर जखमा आहेत का ते बघायला. एफबीआयने नाकारलं, कोणी ऐकलं नाही. वर दिलेली तारीख पुन्हा बघा. एफबीआयने मॉस्को पोलिसांना नाव कळवलं 19 ला, गाडी अडवली 15 ला. लोक योगायोगाला कधीच योगायोग राहू देत नाहीत.

फोनचंही तसंच. प्रतिज्ञापत्रात होतं की खुनांच्या आधीच्या महिन्यांत कोबर्गरचा फोन किमान 12 वेळा किंग रोडच्या परिसराला सेवा देणाऱ्या टॉवरला जोडला गेला होता. लोकांनी वाचलं ते असं: हा माणूस 12 वेळा त्या घराबाहेर उभा राहून खिडकीतून बघत होता. टॉवरचा आवाका मोठा असतो. देवळाच्या भोंग्याचा आवाज येतो एवढ्यावरून ऐकणारा कुठल्या आळीत, कुठल्या ओट्यावर बसलाय ते सांगता येत नाही. रात्री-अपरात्री तो तिकडे वारंवार येत होता ही संशयाची बाब होतीच, आणि त्याहून जड बाब म्हणजे त्या पहाटे 2:47 ते 4:48 फोन जाळ्यातूनच गायब होता. पण ‘घराबाहेर उभा’ हे वाचणाऱ्याने स्वतःच्या पदरचं घातलेलं होतं.

चेहरा, गप्प बसणं आणि भुवया

अटक झालेल्या माणसाच्या वागण्याचं वाचन हा तर स्वतंत्र उद्योगच आहे. कोबर्गरने 3 जानेवारी 2023 ला पेनसिल्व्हेनियातून आयडाहोला नेण्यास हरकत घेतली नाही. काहींनी म्हटलं, बघा, अपराधी मन. पेनसिल्व्हेनियातला त्याचा वकील म्हणाला, निर्दोष ठरायची त्याला घाई आहे. खरं तर हा कागदी सोपस्कार आहे. हरकत घेऊन फारसं काही साधत नाही, आठवडे मात्र जातात. मे 2023 मध्ये आरोप वाचून दाखवल्यावर तो ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ यांपैकी काहीच बोलला नाही. तेही ‘थंड डोक्याचा’ असण्याचं लक्षण मानलं गेलं. आरोपी गप्प राहिला तर न्यायाधीशांनी त्याच्या वतीने ‘निर्दोष’ अशी नोंद करायची, असा नियम आहे. न्यायाधीश जॉन जज यांनी तेच केलं. (हो, न्यायाधीशांचं आडनावच जज.)

खुनांच्या वेळी त्या घरात आणखी दोन मुली राहत होत्या, त्या वाचल्या. त्यांतल्या एकीने काळे कपडे, तोंडावर मास्क आणि दाट भुवया असलेला माणूस घरातून जाताना पाहिला होता. मार्च 2025 मध्ये सरकारी पक्षाने कोबर्गरचा एक सेल्फी न्यायालयात सादर केला: पांढरा शर्ट, अंगठा वर, वेळ खुनांच्या दिवशी सकाळी साडेदहाची. नेटवर त्या अंगठ्याचे आणि हसण्याचे मानसशास्त्रीय अर्थ निघाले. सरकारी वकिलांनी तो फोटो दाखल करण्याचं कारण अगदी साधं होतं: त्या दिवशी त्याच्या भुवया कशा होत्या ते दाखवायचं होतं.

त्याच मुलीवर जे ओझं टाकलं गेलं ते मात्र हलकं घेण्यासारखं नाही. तिने तो माणूस पाहिला पहाटे चारनंतर. मदतीचा फोन गेला दुपारी 11:58 ला. मधल्या आठ तासांवरून दोन वर्षं त्या मुलींना सामील, साक्षीदार, लपवाछपवी करणाऱ्या, काय काय म्हटलं गेलं. 2025 मध्ये त्यांचे त्या पहाटेचे संदेश न्यायालयीन कागदांत आले. दोघी वाचलेल्या मुली घाबरून एकमेकींना आणि घरातल्या इतरांना विचारत होत्या की कोणीच उत्तर का देत नाही. विद्यार्थ्यांच्या गजबजलेल्या घरात रात्री अनोळखी पाहुणा दिसणं आणि चार खून झालेत हे कळणं, यांत किती अंतर आहे हे लांबून, निकाल माहीत असताना, कळत नाही.

या सगळ्याला खतपाणी मिळालं ते माहितीच्या दुष्काळाचं. अटकेनंतर चारच दिवसांत न्यायालयाने वकील, पोलीस आणि तपासाशी संबंधित सगळ्यांना बाहेर बोलायला बंदी घातली. अमेरिकेत वृत्तपत्रांचं तोंड बंद करणं घटनेमुळे जवळजवळ अशक्य आहे, म्हणून न्यायालयं माहितीच्या नळालाच बूच लावतात. ज्युरीत बसणारी माणसं गावातूनच निवडायची असतात, त्यांची मतं आधीच पक्की होऊ नयेत हा हेतू. (आपल्याकडे ज्युरी नाही, तरी 2021 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाला सुशांतसिंह राजपूत प्रकरणानंतर सांगावंच लागलं की माध्यमांनी चालवलेला खटला न्यायदानात अडथळा आणतो.) माध्यमांनी बंदीला आव्हान दिलं, ते टिकलं नाही. पण बंदीने अटकळी थांबल्या का? उलट, ज्यांना माहीत होतं ते गप्प आणि ज्यांना माहीत नव्हतं ते चोवीस तास बोलत. शेवटी मॉस्कोच्या परिसरात निःपक्षपाती ज्युरी मिळणार नाही हे मान्य करून सप्टेंबर 2024 मध्ये खटला राजधानी बोइसीला, सुमारे 480 किलोमीटर लांब, हलवला गेला आणि न्यायाधीश स्टीव्हन हिपलर यांच्याकडे आला.

एक उलटा गटही होता, त्याच्याबद्दल कमी लिहिलं जातं. ‘कोबर्गरला गोवलंय’ असं ठामपणे मानणारा. त्यांच्याकडेही कागद होते: जिन्याच्या कठड्यावर एका अज्ञात पुरुषाचं रक्त, बाहेर सापडलेल्या हातमोज्यावर दुसऱ्या कोणाचा डीएनए, एका मुलीच्या नखांखालच्या नमुन्यात अनेकांची सरमिसळ. बचाव पक्षाने हे मुद्दे रीतसर मांडले, ते त्यांचं कामच. पण जिथे विद्यार्थ्यांची सतत ये-जा आणि पार्ट्या, त्या घरात अनोळखी डीएनए न सापडता तर नवल. खुनी दुसराच कोणी असल्याचा पुरावा ज्युरीपुढे मांडण्याची बचावाची मागणी जून 2025 मध्ये हिपलर यांनी फेटाळली. गंमत अशी की दोन्ही गटांची पद्धत एकच होती: निष्कर्ष आधी, कागद नंतर.

आणि मग खटला झालाच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू व्हायच्या आधी सौदा झाला. सरकारी पक्षाने मृत्युदंडाची मागणी सोडायची, आरोपीने सगळे गुन्हे कबूल करायचे आणि अपिलाचा हक्क सोडायचा. आपल्या कायद्यात असा सौदा सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांतच चालतो, खुनात नाही. त्यामुळे मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटणं साहजिक आहे. मृतांच्या कुटुंबांतही यावरून उघड मतभेद झाले. 23 जुलैला शिक्षा सुनावली गेली: चार जन्मठेपा, एकापाठोपाठ एक, पॅरोल नाही, शिवाय घरफोडीची दहा वर्षं.

सौद्यात ‘का मारलं’ हे सांगण्याची अट नव्हती. तज्ज्ञ म्हणवणाऱ्यांनी दोन वर्षं जी कारणं सांगितली होती त्यांची यादी लांब आहे. बायकांचा द्वेष, एकतर्फी प्रेम, गुन्हेशास्त्राच्या विद्यार्थ्याचा ‘परिपूर्ण गुन्ह्या’चा प्रयोग. शेवटच्या तर्काला तर त्याने एमएच्या काळात गुन्हेगारांच्या भावना आणि निर्णयांवर केलेल्या सर्वेक्षणाचा भक्कम आधार असल्यासारखं वाटत होतं; तो अभ्यासाचा भाग होता. एका मुलीला त्याने इन्स्टाग्रामवर संदेश पाठवल्याच्या बातम्याही चालल्या. शिक्षेनंतर बोलण्यावरची बंदी उठलेली होती, तेव्हा तपास अधिकाऱ्यांनी सांगितलं की कोबर्गर आणि या चौघांपैकी कोणाचाही संबंध त्यांना सापडला नाही. ज्या सुऱ्याने खून केले तो सुरासुद्धा कधी सापडला नाही.

शिक्षेच्या दिवशी बोलायची संधी दिली तेव्हा कोबर्गर एवढंच म्हणाला की मी नम्रपणे नकार देतो. न्यायाधीश हिपलर यांनी त्याच सुनावणीत सुनावलं की कारण सांगायला मी त्याला भाग पाडू शकत नाही, आणि त्याने सांगितलं तरी ते खरंच असेल याची खात्री कोण देणार. टॉवर, भुवया, नखांखालचा नमुना, यांपैकी कशाचीही उलटतपासणी आता ज्युरीसमोर होणार नाही. कारणाच्या रकान्यात आजही काही लिहिलेलं नाही.